काळी राहिली, पांढरी हलली : जुन्या किल्लारी गावाची हकिकत

आपल्याकडे पूर्वापार गावाचे दोन भाग मानण्यात येतात. एक काळी व दुसरी पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, शिवार. पांढरी म्हणजे घरेदारे, वाडे, देवळे, पार, थोडक्यात ज्यास सरकारी भाषेत गावठाण म्हणतात ती वस्तीची जागा. पिढ्यान्‌पिढ्या एकाच ठिकाणी माणसे राहिली, चुलीची राख पडली, जुन्या भिंती ढासळून त्यांची माती झाली, त्या मातीवर पुन्हा नवी घरे उठली, की मूळची काळी भुई हळूहळू पांढरट होते. म्हणून ती पांढरी. काळी पोटाला देते व पांढरी नाव देते, असे जुनी जाणती माणसे मानीत. माणूस बाहेरगावी गेला म्हणजे तो आपल्या पांढरीच्या नावाने ओळखला जाई.

ही पांढरी ओस पडली, की महसुली दप्तरात त्या गावास बेचिराग म्हणत. हा शब्द फारसीतून आला. ‘बे’ म्हणजे विना आणि ‘चिराग’ म्हणजे दिवा. ज्या गावी सायंकाळी दिवा लावावयास एकही माणूस उरले नाही ते बेचिराग गाव. पुढे बोलता बोलता याच शब्दाचे बेचिराख झाले, व त्याचा संबंध राखेशी जोडून जळून गेलेले गाव असा अर्थ रूढ झाला. दप्तरातील मूळ अर्थ मात्र विझलेल्या दिव्याचा आहे. असे गाव ओस पडले तरी त्याचे नाव कागदातून जात नाही. त्याची शीव कायम असते, सर्व्हे नंबर कायम असतात, शेजारच्या गावची माणसे येऊन काळी कसतात, सारा भरतात. पांढरीवर एखादा शेंदूर लावलेला मारुती किंवा म्हसोबा उघड्यावर बसलेला असतो, आणि वर्षातून एखादे दिवशी कोणीतरी येऊन त्याच्यापुढे नारळ फोडून जाते.

मराठवाड्यात अशा पांढऱ्या पुष्कळ आहेत. दुर्गादेवीचा दुष्काळ म्हणून जो लोकांच्या तोंडी आहे, तो इ. स. १३९६ पासून बारा वर्षे टिकला असे परंपरा सांगते. त्यानंतर १६३० चा मोठा दुष्काळ पडला, त्यात दख्खनची गावेच्या गावे उठली. पुढे प्लेगाच्या साथीत माणसे गाव सोडून रानात राहावयास गेली. अलीकडच्या काळात धरणांनीही गावे उठविली. पैठणच्या नाथसागरात शंभराहून अधिक गावे गेली. काही थोर नगरे तर समूळ न उठता आकसून लहान झाली. तेरणा नदीकाठचे तेर हे प्राचीन काळी तगर नावाने परदेशी व्यापाऱ्यांना ठाऊक होते. कंधार ही राष्ट्रकूटांच्या काळी वैभवाची जागा होती. देगलूर तालुक्यातील होट्टल हे चालुक्यांच्या काळी मोठे नगर होते. आज तेथे लहानसे गाव व त्या वैभवाची साक्ष देणारी सिद्धेश्वरादी मंदिरे उरली आहेत.

या सर्व गावांची उतरती कळा वर्षानुवर्षांची होती. लातूर जिल्ह्यातील मौजे किल्लारी, तालुका औसा, या गावाची पांढरी मात्र एका पहाटेत, मिनिटाहूनही कमी वेळात मोडली. या गावाची हकिकत जुनी झाली असे म्हणवत नाही, कारण ती पाहिलेली माणसे आज हयात आहेत. तथापि तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यामुळे त्यानंतर जन्मलेल्या पिढीस ती नीट सांगणे आवश्यक झाले आहे.

गाव व त्याचा मुलूख

किल्लारी हे लातूर शहराच्या दक्षिणेस सुमारे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर अंतरावर तेरणा नदीच्या खोऱ्यात आहे. तेरणा पुढे मांजरेस व मांजरा पुढे गोदावरीस मिळते. हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला व १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. किल्लारी त्या काळी उस्मानाबाद जिल्ह्यात होते. १९८२ साली लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा औसा तालुक्यासह ते लातुरात आले.

जमीन काळी, कसदार. ज्वारी, तूर, मूग, उडीद, करडई ही जुनी पिके, आणि पाण्याची सोय होईल तेथे ऊस. पंचक्रोशीतील लहान गावांचे लोक बाजारहाटासाठी येथे येत. किल्लारी हे नुसते खेडे न राहता बाजारपेठेचे मोठे गाव झाले होते. गावात नीळकंठेश्वराचे प्राचीन दगडी शिवालय होते व त्याच्या नावाने गावाची ओळख दूरवर होती.

घरे कशी होती

किल्लारीची व एकंदर त्या भागातील घरे कशी बांधलेली होती हे समजल्याशिवाय पुढील हकिकत समजणार नाही. या भागात भुईखाली काळा दगड मुबलक आहे. तो फोडावा, मातीच्या चिखलात बसवावा व दोन-तीन फूट रुंद भिंत उठवावी, अशी चाल होती. जुन्या वाड्यांच्या भिंती त्याहूनही रुंद असत. भिंतीस बाहेरून एक व आतून एक असे दगडाचे दोन पडदे असत. बाहेरच्या पडद्याचा दर्शनी दगड घडवून बसविलेला, त्यामुळे भिंत दिसावयास भक्कम दिसे. परंतु दोन्ही पडद्यांच्या मध्ये लहानमोठे धोंडे, चिपा व माती भरलेली असे. दोन्ही पडद्यांना एकत्र बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बहुधा घातलेला नसे. असा दगड काढावयास खर्च व मेहनत अधिक, आणि वर्षानुवर्षे भिंती नुसत्या उभ्या राहत आल्याने त्यावाचून काही अडलेले नव्हते.

वर माळवद. लाकडी तुळया, त्यांवर आडवी किलचणे, त्यावर पाला व मग मातीचा जाड थर. या मातीमुळे मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घर थंड राही. पावसाळ्यापूर्वी माळवद गळू नये म्हणून दरसाल त्यावर नवी माती टाकावयाची, ती चोपावयाची, अशी रीत होती. जुनी माती काढून मग नवी टाकावी इतकी सवड सहसा कोणास नसे. त्यामुळे आजोबांच्या काळचा थर, त्यावर वडिलांचा, त्यावर मुलाचा, असे करीत काही घरांवर फूट-दोन फूट माती साचली होती. आणि ही माती कोणती? तर पांढरी. ओसाड गावठाणाची, जुन्या गढीची पांढरी माती पाणी धरीत नाही म्हणून ती माळवदासाठी उत्तम समजली जाई व गाडीने भरून आणली जाई. अशा रीतीने उठलेल्या गावांची माती नांदत्या गावांच्या डोक्यावर चढत गेली होती.

याच गावाच्या कडेला गोरगरिबांच्या झोपड्या होत्या. कुडाच्या भिंती, वर गवताचे किंवा पत्र्याचे छप्पर. पावसात गळणारी, वाऱ्यात हलणारी ही घरे. मोठा दगडी वाडा हा प्रतिष्ठेचा व झोपडी ही गरिबीची खूण, अशीच सर्वांची समजूत होती.

आधी मिळालेली सूचना

१९९२ सालच्या पावसाळ्यापासून किल्लारी परिसरात भूगर्भातून आवाज येऊ लागले व लहान लहान धक्के बसू लागले. १८ ऑक्टोबर १९९२ रोजी त्यांतील एक मोठा धक्का बसला व काही घरांच्या भिंतींना तडे गेले. लोक भयभीत होऊन घराबाहेर निजू लागले. गाव सुरक्षित जागी हलवावे अशीही मागणी त्या वेळी झाली.

परंतु दख्खनचे पठार हे भूकंपाच्या दृष्टीने स्थिर समजले जात होते. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरला मोठा भूकंप झाला होता, तथापि तो सह्याद्रीच्या कडेचा प्रकार मानला गेला. देशाच्या त्या वेळच्या भूकंपविषयक नकाशात लातूरचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात होता. पुढे १९९३ चा उन्हाळा व पावसाळा आला, धक्के विरळ झाले, बाहेर निजणारी माणसे पुन्हा आपापल्या घरात निजावयास गेली. संसारी माणसाने आणखी काय करावे? रोज भीत जगता येत नाही.

३० सप्टेंबर १९९३

२९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. दहा दिवसांच्या गणपतीचे विसर्जन गावोगावी थाटात झाले. मिरवणुका रात्री उशिरापर्यंत चालल्या, गुलालाने माखलेली मुले दमून निजली. दुसऱ्या दिवशी, ३० तारखेच्या पहाटे ४ वाजण्यास सुमारे चार मिनिटे कमी असताना जमीन हादरली. रिश्टर मापनावर तीव्रता ६.२ ते ६.४ अशी नोंदली गेली. केंद्र किल्लारीजवळ व जमिनीखाली फार खोल नव्हते, त्यामुळे हादऱ्याचा सर्व जोर वरच्या गावांवर आला.

भिंतींचे दोन्ही पडदे एकमेकांपासून सुटले. बाहेरचा पडदा गल्लीत पडला व आतला निजलेल्या माणसांवर. आधार जाताच माळवद, त्यावरील साऱ्या पिढ्यांच्या मातीसह, खाली आले. दगडाच्या माराने जितकी माणसे दगावली तितकीच मातीत गुदमरूनही दगावली. गल्ल्या अरुंद, दोन्ही बाजूंच्या भिंती त्यांतच पडलेल्या. जे कसेबसे बाहेर आले त्यांना आपले घर कोठे व शेजाऱ्याचे कोठे हेही त्या अंधारात उमगेना.

ज्या घरांत लाकडी खांब व तुळया एकमेकांत नीट जोडलेल्या होत्या, तेथे भिंती पडूनही छत सांगाड्यावर तसेच राहिले व काही माणसे वाचली. आणि कडेच्या कुडाच्या झोपड्या बऱ्याच अंशी उभ्या राहिल्या. ज्या पडल्या त्यांतील माणसेही किरकोळ जखमांवर निभावली. वाड्याने मारले व झोपडीने तारले, असे यानंतर लोक बोलू लागले ते यामुळेच.

किल्लारीसह औसा तालुक्यातील व शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील सास्तूर आदी गावांची अशीच दशा झाली. निरनिराळ्या अहवालांत मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या दरम्यान दिलेली आहे. जखमींची संख्या त्याहून कितीतरी अधिक होती. कित्येक घरांत नावालाही माणूस उरले नाही, वारसनोंद कोणाच्या नावे करावी असा प्रश्न पडावा अशी कुटुंबे होती.

मदतीचा ओघ

मुख्यमंत्री श्री. शरद पवार त्याच दिवशी सकाळी भूकंपग्रस्त भागात येऊन पोहोचले. लष्कराच्या तुकड्या आल्या, ढिगारे उपसण्याचे काम सुरू झाले. त्यातच पाऊस लागला व चिखलाने काम अधिकच बिकट झाले. प्रेतांच्या दहनास लाकूड पुरेना, तेव्हा पडलेल्या घरांच्याच तुळया व खांब सरणासाठी वापरावे लागले. ज्या तुळईखाली माणूस जन्मला, वाढला, तीच त्याच्या सरणावर गेली.

देशातून व परदेशातून अन्न, वस्त्रे, औषधे, तंबू यांचा ओघ लागला. भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० भूकंपग्रस्त मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाची व राहण्याची व्यवस्था केली. अनेक धर्मादाय संस्था, उद्योगसमूह व वृत्तपत्रांनी गावे दत्तक घेतली. वाचलेल्या कुटुंबांसाठी शेतातून पत्र्याचे निवारे उठविण्यात आले. तात्पुरते म्हणून उभारलेल्या त्या पत्र्यांखाली लोकांनी दोन-दोन, तीन-तीन उन्हाळे काढले.

१९९४ साली जागतिक बँकेच्या कर्जाच्या आधारे महाराष्ट्र शासनाने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे जुन्या जागेवरून उठवून नव्या जागी वसवावयाची, व बाकीच्या गावांत घरे जागच्या जागी दुरुस्त अगर मजबूत करावयाची, असे धोरण ठरले. नव्या ५२ गावांत मिळून सुमारे २८ हजार घरे बांधली गेली. जागच्या जागी दुरुस्त करावयाच्या घरांची संख्या सुमारे दोन लाख होती. त्या कामी स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतून संवाद सहायक तयार केले. या बायकांनी घरोघरी जाऊन अनुदान, सिमेंट, सळई व बांधकामाची पद्धत यांची माहिती दिली. तोवर बांधकाम हा पुरुषांचा व गवंड्यांचा विषय समजला जात होता.

नवे गाव

नवे किल्लारी जुन्या गावापासून काही अंतरावर वसले. रुंद रस्ते, काटकोनात आखलेल्या ओळी, प्रत्येक घराभोवती मोकळी जागा, शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी असे त्याचे रूप होते. अरुंद गल्ल्यांत माणसे अडकून मेली होती, त्यामुळे रस्ते रुंद ठेवणे योग्यच होते. घराचे आकारमान मात्र जमिनीच्या धारणेवर ठरविण्यात आले होते. भूमिहीन व एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यास २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरपर्यंत ४०० चौरस फूट व त्यावरील खातेदारास ७५० चौरस फूट, असा हिशेब होता.

कागदावर हा हिशेब सोपा होता. परंतु जुन्या गावातील शेजार जमिनीच्या हिशेबाने बसलेला नव्हता. भाऊबंद एका गल्लीत राहत, चुलत्याच्या ओसरीवर पुतण्याची मुले जेवत, म्हातारी सासू एका घरी व लेक पलीकडच्या घरी. नव्या गावात सारख्या आकाराची घरे एका ओळीत आली व भाऊबंद, शेजारी वेगवेगळ्या ओळींत विखुरले. गुरे बांधावयास जागा नाही, कणगी ठेवावयास कोपरा नाही, ढेळज नाही की जेथे आल्यागेल्याने बसावे. काही गावांत घुमटाच्या आकाराची घरे बांधली गेली, त्यांच्या गोल भिंतीस फडताळ कसे लावावे हाच प्रश्न पडे. शेत मात्र जुन्याच जागी. काळी कोणास उचलून नेता येत नाही. पूर्वी घराच्या मागच्या दाराने शेतात जाणाऱ्या माणसाला आता औत-काठी घेऊन लांबवर चालावे लागे.

लोकांनी हळूहळू त्यातून वाट काढली. पुढच्या मोकळ्या जागेत पडवी काढली, पत्र्याचा गोठा केला, तुळशीवृंदावन बांधले, दोन घरांच्या मधून येण्याजाण्याची वाट पाडली. देवळे उठली, पार झाले, बाजार भरू लागला. सिमेंटच्या छताखाली झोप येत नाही म्हणून कित्येक वर्षे पुढच्या अंगणात पत्र्याखाली निजणारी माणसेही होती. पावसाळ्यात ढग गडगडले तरी त्यांचा जीव दचके. ज्या गावांत घरे जागीच दुरुस्त करावयाची होती, तेथेही बहुतेकांनी दगडी घर दुरुस्त न करता मिळालेल्या अनुदानातून शेजारी सिमेंटची एक खोली बांधली. दगडावरचा लोकांचा विश्वास उडाला होता.

वस्तुतः दोष दगडाचा नव्हता. भूकंपानंतर तज्ज्ञांनी जी पाहणी केली तीत ठळकपणे हेच दिसून आले की, आरपार दगड नसलेली भिंत, चिखलाचा सांधा, कोपऱ्यांत न गुंफलेले दगड व छतावरचे अवाजवी ओझे या चार गोष्टींनी माणसे मारली. दुरुस्तीच्या कामात म्हणूनच प्रथम माळवदावरील जादा माती उतरविण्यास सांगितले जाई, मग भिंतीत ठिकठिकाणी आरपार भोक पाडून सळई घालून काँक्रीट भरावयाचे, आणि दारा-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना कमरपट्ट्यासारखा काँक्रीटचा सलग पट्टा द्यावयाचा. एवढे केले असते तर जुने घरही पहाटेच्या त्या हादऱ्यात माणसाला बाहेर पडण्याइतका अवधी देते.

जुनी पांढरी आज

जुन्या किल्लारीच्या जागी आज पडक्या भिंतींची जोती, दगडांचे ढीग व त्यांवर माजलेली काटेरी झुडपे आहेत. माहितगार माणूस बरोबर असेल तर तो हा अमक्याचा वाडा, येथे चावडी, येथून बाजाराची वाट, असे दाखवितो. जोत्यावर उंबरा तेवढा शाबूत असावा व त्याच्या आत बाभूळ उगवलेली असावी, असे दृश्य दिसते. दरवर्षी ३० सप्टेंबर रोजी स्मृतिस्तंभापाशी शासनाच्या वतीने मृतांस मानवंदना देण्यात येते, पोलीस हवेत फैरी झाडतात, नवे गाव जुन्या गावी येते. नीळकंठेश्वराच्या दर्शनास भाविकांचे येणे चालूच आहे. माणसांची वस्ती हलली, तथापि देव जुन्या पांढरीवरच राहिला.

महसुली व्याख्येने पाहता ही पांढरी बेचिराग झाली आहे. किल्लारी हे गाव मात्र बेचिराग झालेले नाही. त्याचे दिवे दुसऱ्या जागी लागले, त्याचे नाव नव्या वेशीवर आले, त्याची काळी त्याच माणसांच्या नातवंडांनी पेरली. ज्या गावांची माणसेच पांगून गेली त्या जुन्या बेचिराग गावांत व किल्लारीत हा फरक आहे, आणि तो फरक पडला तो वाचलेल्या लोकांनी एकत्र राहण्याचा हट्ट धरला म्हणून.

या हकिकतीचा आज उपयोग

किल्लारीच्या भूकंपानंतर भूशास्त्रज्ञांचे या भागाकडे लक्ष वळले. राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीस सहाशे मीटरहून खोल विंधन घेऊन तपासणी केली. काही अभ्यासकांनी तेर येथील प्राचीन अवशेष तपासून, याच तेरणा खोऱ्यात दीड हजार वर्षांमागे भूकंप होऊन गेला असावा असे मत मांडले. म्हणजे १९९३ चा हादरा पहिला नसावा. तेव्हाच्या लोकांनी कोणास काही सांगून ठेवले असेल तर ते आपणापर्यंत पोहोचले नाही. २००२ साली देशाचा भूकंपविषयक नकाशा सुधारला गेला व किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात घेण्यात आला. २०२२ च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातील हासोरी परिसरात जमिनीतून आवाज व सौम्य धक्के जाणवले. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला व त्याचा धक्का नांदेड, परभणीपर्यंत जाणवला. या धक्क्यांत मोठी हानी झाली नाही, परंतु जमीन अद्याप गप्प झालेली नाही एवढे त्यावरून समजावे.

गावोगावी आज जुन्या देवळांचे जीर्णोद्धार होत आहेत व भाविक दाते त्यासाठी उदार हाताने देणग्या देत आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. जीर्णोद्धार म्हटला की शिखर उंच व्हावे, मंडप मोठा व्हावा, फरशी संगमरवरी असावी, असे सर्वांस वाटते. त्यात गैर काही नाही. परंतु जुन्या भिंतींवर नवे ओझे चढविण्यापूर्वी त्या भिंतींच्या पोटात काय भरले आहे हे जाणत्या माणसाकडून पाहून घेणे हे किल्लारीच्या हकिकतीवरून शिकावयाचे आहे. जुन्या गाभाऱ्यावर सिमेंटचे जड छत टाकले, वर टाकी बसविली, शिखरास थरावर थर दिले, तर माळवदावर दरसाल माती टाकण्याचाच तो प्रकार होतो. आरपार दगड, कोपऱ्याची गुंफण, चहूबाजूंचा सलग पट्टा यांवर झालेला खर्च कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही व त्यावर दात्याचे नाव कोरता येत नाही. तरीही यात्रेच्या दिवशी शेकडो लेकरेबाळे मंडपात बसलेली असताना तोच खर्च उपयोगी पडावयाचा आहे. देणगीदारांनी पावती घेताना हा एक प्रश्न बांधकाम समितीस आवर्जून विचारावा, व समितीनेही त्याचे उत्तर तयार ठेवावे.

तसेच घराबाबत. जुने माळवद असेल तर वरची जादा माती उतरवावी. भिंत फुगली असेल, दोन पडद्यांत फट दिसत असेल, तर गवंड्यास बोलावून लगेच बांधून घ्यावी. पाहुण्यांना दाखविण्यासाठी म्हणून दर्शनी दगड धुऊन काढण्यापेक्षा हे काम आधी करावे.

किल्लारी व परिसरातील ज्या हजारो बंधू-भगिनींनी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे प्राण गमावले, त्यांपैकी बहुतेक निजेतच गेले. त्यांना उठून दार उघडण्याएवढाही वेळ मिळाला नाही. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन असो, आणि पुढे ज्या भिंती आपल्या गावोगावी उठतील त्या दार उघडावयास वेळ देणाऱ्या असोत, हीच ग्रामदेवतेच्या चरणी प्रार्थना.